केरबा आणि वूक

दीड वाजला. झोप नाही. कारण इतकं क्षुल्लक की सकाळी हिला सांगायचीही लाज वाटेल. बेलग्रेडच्या त्या वूकने मीटिंग संपता संपता विचारलं, "केरबा म्हणजे काय?"

इतकी वर्षं 'के. बी.'वर निभावलं होतं. आता पडद्यावर पूर्ण नाव दिसतं. मी ठोकून दिलं, "देवाचं नाव आहे."

मग तो स्वतःचं सांगायला लागला. वूक म्हणजे लांडगा. वूक कराजिच, १७८७चा, ज्याने त्यांच्या सर्बियन भाषेला 'जसं बोलता तसं लिहा' हा नियम दिला, त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. चेटकिणी तान्ही मुलं खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून मूल जगत नसेल तर नाव वूक. आपलंही नाव असंच पडलं, हे त्याने १८१८च्या आपल्या कोशात 'चेटकीण' या शब्दाखालीच लिहून ठेवलंय.

ऐकताना माझी कानशिलं तापली. कारण गोष्ट माझीच. आईची दोन गेली होती. मी झालो तेव्हा आजीने सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं, आजीने पायलीभर जोंधळे देऊन तिच्याकडून 'विकत' घेतलं. केरात सापडला तो केरबा.

भीती तीच. पण त्यांनी मरणाला दात दाखवले आणि माझ्या घरच्यांनी सांगितलं, हे कशाला नेतोस, केर आहे! शाळेत हजेरीला मुलं हसायची, ते आज परत ऐकू आलं. लांडगा नाही तर निदान कुत्रा तरी...

आधीच्या दोघांना छान नावं होती म्हणे. मला माहीत आहेत. इथे लिहीत नाही.

मघाशी शोधत बसलो. वूक आणि आपला संस्कृत 'वृक' मुळात एकच. म्हणजे लांडगा आपल्याकडेही होता, पण तो भीमाच्या पोटावर खर्ची पडला. वृकोदर! मुलांना ठेवायला दगडू, धोंडू, भिकाजी उरले.

आणि त्या वूक कराजिचची तेरा मुलं, बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. काय बोलणार. इकडे हा केर साखर सोडली तर त्रेपन्नाव्या वर्षी ठणठणीत आहे. उचलायला कोणी आलंच नाही अजून.

उद्या त्याला खरं सांगायचं ठरवलंय. नाहीतर तो कुठल्या तरी केरबा देवाचं देऊळ शोधत बसेल. फक्त सुपापाशी अडलोय. जन्मल्यावर मला सुपात ठेवलं होतं, असं त्याला इंग्रजीत सांगताना तो शब्द तसाच तोंडातून गेला, तर चेटकिणींचं सगळं प्रकरण त्याला फार वेगळं वाटेल.