आकडा आधी

आमच्या इमारतीच्या गणपतीची वर्गणी लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं ते काकांचा हात थरथरायला लागला म्हणून. बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा पाडून ही इमारत उभी राहिली. वाड्याबरोबर लाकडी खांब गेले, चौकातला झोपाळा गेला. गणपती आणि खजिनदार काका तेवढे नव्या जागेत आले. इतकी वर्षं काका मांडवीतून आणलेल्या लाल चोपड्यात हिशेब लिहीत. तो मिटून ते म्हणाले, "तू दिवसभर कम्प्युटरपुढेच असतोस ने? मग तूच लिही."

आता अशा वेळी शहाण्या माणसाने एक्सेल उघडावं. पण वीस वर्षं ईमॅक्स नावाच्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, कोड लिहिलेल्या माणसाला किराण्याची यादीसुद्धा ईमॅक्समध्येच सुचते. काळी खिडकी, साधी फाइल, प्रत्येक घराची एक ओळ: नाव, फ्लॅट, रक्कम आणि शेवटी शेरा. लिपी रोमन. मराठीचा अभिमान कुठे गेला, असं कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो, आधी देवनागरीतच करून पाहिलं होतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं एकेक घर मिळतं आणि त्या घरांवरच सगळे रकाने उभे असतात. आपलं 'स्त्री' घ्या. डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडच्या, म्हणजे कम्प्युटरच्या अक्षरयादीच्या, हिशेबात सहा चिन्हं. त्याला किती घरं द्यायची यावर एडिटरचं आणि टर्मिनलचं एकमत होत नाही, आणि मग एका जोडाक्षरापायी पुढची अख्खी ओळ हलते. दोन जोशी आणि एक क्षीरसागर असले की रकाना दातपडक्या फणीसारखा दिसायला लागतो.

माझी खिडकी 80 घरांची. हा आकडा 1928 सालच्या आयबीएमच्या, भोकं पाडून माहिती साठवायच्या पंचकार्डावरून चालत आलाय; कार्ड केव्हाच गेलं, पण त्याची रुंदी आमच्या मानगुटीवर बसलीय. बहुतेक ओळी त्यात मावत होत्या. मावली नाही ती तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची, कारण त्यांचा शेरा लांबलचक: 11 नारळ, पैसे निम्मे रोख, शिवाय निम्मे मुलगा अमेरिकेहून पाठवणार.

न मावणाऱ्या ओळीचं काय करायचं, यावर एडिटरं बनवणारे फार पूर्वीपासून डोकं खाजवत आहेत. एक तर ओळ कडेला कापायची आणि कर्सर पुढे गेला की मजकूर डावीकडे सरकवायचा, नाहीतर उरलेला भाग खालच्या ओळीवर उतरवायचा. सरकवण्यातही दोन तऱ्हा. पूर्वी ईमॅक्स अख्खी खिडकी सरकवायचा. 2018 साली सव्विसाव्या आवृत्तीत एक नवी सोय आली: कर्सर ज्या ओळीवर असेल तेवढीच सरकेल, बाकीच्या जागच्या जागी. मला ती फार आवडली होती. एका लांबोड्या ओळीसाठी सगळ्या गावाला कशाला उठवायचं?

पहिल्याच तपासणीला काका चष्मा लावून बसले आणि पडद्यावर बोट ठेवून खाली येऊ लागले. कर्सर वहिनींच्या ओळीच्या टोकाला होता. काकांचं बोट थांबलं.

"हा 501 नंबरचा फ्लॅट कुठला रे? आपली इमारत चार मजली."

501 ही वर्गणी होती. ओळ सरकली, वर्गणी जाऊन फ्लॅटच्या रकान्यात बसली, आणि वर्गणीच्या जागी शेऱ्यातले नारळ आले.

"आणि त्यांनी दिले अकरा रुपये?"

मी घाईघाईने ती सोय बंद केली. आता सगळी खिडकी एकदम सरकली. रकाने रकान्यांखाली राहिले, पण डावीकडची नावं पडद्याबाहेर गेली. वर टर्मिनलातल्या ईमॅक्सची खोड अशी की कापलेल्या ओळीच्या कडेला तो डॉलरची खूण ठेवतो. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एकेक डॉलर उभा राहिला. आमच्या इमारतीत घरटी एक जण परदेशात आहे, त्यामुळे काकांना त्यात वावगं काही वाटलं नाही, फक्त म्हणाले, "बँकेत भाव विचारून घे."

मग ओळ मोडून पाहिली. शेऱ्याचं शेपूट खालच्या ओळीवर पार डाव्या कडेला येऊन पडलं, नावांच्या रांगेत. यादीत वहिनींच्या खाली 'शिवाय' नावाचे एक नवे रहिवासी दिसू लागले.

काका उठून घरी गेले आणि जुना चोपडा घेऊन आले. ही वही मी लहानपणापासून पाहत होतो, पण तिच्यात छापलेल्या रेघा नसतात हे त्या दिवशी लक्षात आलं. कागद घड्या घालून दाबलेला असतो. त्या घड्यांच्या खुणा हेच रकाने. काका त्यांना सळ म्हणतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. आणि दोन्ही बाजूंना पहिल्या घडीत फक्त रक्कम. नाव, कारण, तपशील पुढच्या घड्यांत. तपशील लांबला तर खालच्या ओळीवर उतरतो, पण उतरतो तो आपल्याच घडीखाली. पहिल्या घडीत पाऊल टाकत नाही.

"आकडा आधी," काका म्हणाले. "बोलणारे कितीही बोलू देत."

मी रक्कम ओळीच्या सुरुवातीला आणली. मोडलेला तुकडा आत सरकवून ठेवायची सोय विम या दुसऱ्या एडिटरवाल्यांना 2014 मध्ये मिळाली; आमच्या ईमॅक्समध्ये ती मूळ डब्यातच आली ती तिसाव्या आवृत्तीत, 2025 साली. (तोवर वेगळं पॅकेज बसवावं लागे, आणि मी आळशी.) तुकड्याला आठ घरं आत ढकललं. डाव्या कडेला आता आकड्यांशिवाय काही नाही, आणि वहिनींचं 'शिवाय' त्यांच्याच नावाखाली.

काकांनी पुन्हा बोट ठेवलं. ओठ पुटपुटत, न थांबता तळापर्यंत आले आणि मी बेरीज करायच्या आत एकूण सांगून मोकळे झाले. मग बोट परत वर, वहिनींच्या शेऱ्यापाशी गेलं.

"नारळ अकरा लिहिलेत. मखरापाशी तर मघाशी नऊच होते."