निखळ व्हर्जिनिया : पाइप शिकतानाचा माझा अनुभव

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये तंबाखूपासून लांब राहता येतं, पण त्याच्या इतिहासापासून नाही. शहराच्या मध्यावर विटांच्या जुन्या कारखान्यांत आता ऑफिसं आणि रेस्टॉरंटं थाटली आहेत, आणि लकी स्ट्राइक सिगारेटच्या नावाची पाण्याची टाकी मात्र अजून तशीच उभी आहे. मी इथे नोकरीसाठी आलो. मूळचा निपाणीचा. म्हणजे तंबाखूच्या एका गावातून निघालो आणि तंबाखूच्याच दुसऱ्या गावात येऊन पोचलो.

निपाणीचा तंबाखू विडीचा. उन्हात वाळलेला, कडक, उग्र. शाळेत जाताना वखारींचा रस्ता लागला की नाकाला रुमाल लावायचा. माझे काका वखारीत हिशेबाला होते, संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्यालाही तोच वास असायचा. तंबाखू म्हणजे ठसका, ही समजूत चाळिशीपर्यंत माझ्या डोक्यात पक्की होती. पाइप हातात आला तो इथे, आणि तेव्हापासून मी तंबाखूच्या एकाच प्रकारच्या मागे आहे : निखळ व्हर्जिनिया, इथे ज्याला स्ट्रेट व्हर्जिनिया म्हणतात तो. त्याच्या नादाने काय काय कळत गेलं ते लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात फिरवून सोडायचा असतो. पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंड, ओठ, जीभ, घसा यांच्या कॅन्सरचा धोका पाइपनेही वाढतो, आणि निकोटीनची सवय लागते ती लागतेच. ज्याने आजवर तंबाखूला हात लावलेला नाही त्याने हे वाचून सुरुवात करावी असं मला अजिबात वाटत नाही. मी फक्त सुट्टीच्या दिवशी ओढतो, घराबाहेर, मुलं आसपास नसताना. दातांच्या डॉक्टरनाही सांगून ठेवलं आहे, म्हणजे तपासताना ते जीभ आणि गालाची आतली बाजू नीट पाहतात. अमेरिकेत डिसेंबर 2019 पासून 21 वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. ते योग्यच आहे.

पाइपच्या दुकानात शिरलं की आधी नजरेत भरतात त्या काचेच्या मोठाल्या बरण्या. व्हॅनिला, चेरी, रम, चॉकलेट. झाकण काढलं की जीव खूश होतो, पण बरणीतला वास आणि तोंडातली चव यांचा फारसा मेळ बसत नाही. मला वरून लावलेला वास नको होता, पानाची चव हवी होती. दुकानाचे मालक सत्तरीचे, अत्यंत शांत बोलणारे. ते म्हणाले, "मग व्हर्जिनिया घ्या. पण त्याला वेळ द्यावा लागेल." बाकीच्या पानांची ओळखही त्यांनीच करून दिली. बर्ली हवेवर वाळवलेला, त्यात साखर जवळजवळ नसते. लटाकिया धुरावर धरलेला. पेरिक लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून आंबवलेला. यातलं काहीही न मिसळता नुसता व्हर्जिनिया, तो स्ट्रेट. नाव व्हर्जिनिया राज्याचं असलं तरी पीक आता नॉर्थ कॅरोलायनात मोठं, शिवाय ब्राझील, झिंबाब्वे आणि आपल्याकडे आंध्रात नि म्हैसूरच्या बाजूला.

पाइप घेतला तो साधा, मक्याच्या कणसाचा. मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं गाव आहे, तिथे मिसूरी मीरशॉम ही कंपनी 1869 पासून हे पाइप बनवते. स्वस्त, हलका, आणि ब्रायरच्या लाकडी पाइपसारखं त्याला मुरवत बसावं लागत नाही. शिकणाऱ्याने यावरच हात बसवावा, हे माझं ठाम मत आहे.

पहिली डबी पिवळ्याधमक, उजळ व्हर्जिनियाची. आत फ्लेक होते, म्हणजे पानं दाबून वडी करतात आणि तिचे पातळ काप काढतात, ते. वास सुरेख, वाळलेल्या गवताचा, त्यात लिंबाच्या सालीची एक छटा. पाइप पेटवला आणि पाच-सात झुरक्यांत जिभेच्या शेंड्याला चटके बसायला लागले. चव काहीच नाही, नुसती गरम हवा. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा झोंबला. याला टंग बाइट म्हणतात आणि नवशिक्यांपैकी पुष्कळ जण व्हर्जिनिया सोडतात ते याच पायरीवर. व्हॅनिलाच्या बरण्यांकडे परत जातात आणि व्हर्जिनिया चावतो म्हणून सांगत राहतात.

मला उत्तर मिळालं ते ड्यूक होमस्टेडमध्ये. डरहॅमच्या उत्तरेला तंबाखूचे कारखानदार वॉशिंग्टन ड्यूक यांचं जुनं शेतघर राज्याने जपून ठेवलं आहे, सोबत तंबाखूचं संग्रहालय. ड्यूक विद्यापीठाला नाव मिळालं ते याच घराण्याचं. तिथे तंबाखू उष्णतेवर वाळवण्याचं ओंडक्यांचं कोठार आहे. आत शिरून वर पाहिलं की एकावर एक आडव्या बल्ल्या दिसतात. पानं काठ्यांना बांधून त्या काठ्या या बल्ल्यांवर टेकवायच्या, पार छपरापर्यंत. भट्टीचं तोंड बाहेरून. तिथली गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून जमिनीलगत फिरते, म्हणजे पानाला ऊब मिळते पण धूर लागत नाही. फ्लू-क्युअर्ड म्हणतात ते या नळ्यांमुळे.

सगळी गंमत या कोठारातल्या आठवडाभरात आहे. सुरुवातीला 35 ते 40 अंश सेल्सिअसची ऊब आणि भरपूर दमट हवा ठेवतात. पान तोडलेलं असलं तरी अजून जिवंत असतं. त्यातला स्टार्च फुटून साखर होत जाते आणि पान हिरव्याचं पिवळं होतं. रंग धरला की उष्णता टप्प्याटप्प्याने चढवतात, आधी पानाचं पातं वाळतं, शेवटी 70 अंशांच्या पुढे नेऊन मधली शीर वाळवतात. पान साखर खर्चून टाकायच्या आत त्याला थांबवायचं, एवढाच या सगळ्याचा मतलब. हवेवर वाळणारा बर्ली आठवडेच्या आठवडे लटकत असतो, तेवढ्या वेळात साखर संपून जाते.

हा शोध कुणाचा, हेही तिथेच नीट वाचलं. 1839 साली, इथून वर कॅसवेल काउंटीत, अबायशा स्लेड नावाच्या शेतमालकाकडे स्टीफन स्लेड हा गुलाम माणूस रात्री कोठाराची आग सांभाळत होता. त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा आग विझत आलेली. त्याने धावत जाऊन लोहारकामाच्या कोळशाच्या खड्ड्यातून निखारे आणून टाकले, उष्णता एकदम चढली, आणि पानं कधी नव्हे इतकी पिवळीजर्द निघाली. मालकाने पुढे ही पद्धत बसवली आणि नाव व पैसा कमावला. हा तंबाखू ओढणाऱ्या प्रत्येकाला स्टीफनचं नाव ठाऊक असायला हवं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताना, 1865 च्या एप्रिलमध्ये, दक्षिणेच्या जनरल जॉन्स्टनने डरहॅमजवळच्या बेनेट प्लेस इथे उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे शस्त्रं ठेवली. त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी इथल्या कारखान्यातला हा उजळ तंबाखू उचलून नेला, आणि घरी पोचल्यावर पत्रं धाडून आणखी मागवला. डरहॅम मोठं झालं ते तिथून.

त्या रात्री काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तो आमच्या वखारीत यायचाच नाही. तो सिगारेटचा माल, विडीला फिका पडतो." मग कोठाराची रीत नीट विचारून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे पान मरायच्या आत ते गोड करून घेतात."

काकांचं हे वाक्य मनात धरून मी पुन्हा पाइप भरायला बसलो. पानात साखर आहे, तर तिला सोसेल एवढाच विस्तव हवा. गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ जास्त झाला की गूळ करपतो, तसंच हे. शिवाय डबीतला फ्लेक ओलसर असतो. तो तसाच पेटवला की वाफ होते आणि ही वाफही जिभेला भाजते.

आता माझी रीत अशी आहे. दोन काप कागदी ताटलीत काढायचे. दिसायला ते सुंदर असतात, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे, मधेच गडद ठिपका. तळहातावर ठेवून अंगठ्याने हलके मळले की दाबलेले थर सुटतात आणि धागे मोकळे होतात. मग ते पसरून ठेवायचे, तासभर तरी, पावसाळी हवा असेल तर जास्त. वाळलं का हे चिमटीत धरून बघायचं. दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर ओला आहे. हळूहळू उलगडला आणि बोटांना किंचित खरखर लागली तर तयार. कुरकुरीत होऊ द्यायचा नाही, मग चवच उडते. पाइपच्या वाटीत भरताना तळाला सैल, वर जरा घट्ट, आणि नुसती हवा ओढून पाहायची : जड लागली तर सगळं काढून पुन्हा भरायचं. पहिल्या काडीला वरचे धागे फुगून उठतात. ते टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, अलगद बसवायचे आणि दुसरी काडी लावायची.

पण खरं काम पुढेच. पाइप विझेल की काय अशा बेतानेच ओढायचा. वाटी हाताला कोमट लागली पाहिजे, गालाला लावता आली पाहिजे. गरम झाली की खाली ठेवून द्यायचा. विझला तर विझू द्यावा, पुन्हा पेटवण्यात कमीपणा नाही. मधूनमधून पाइप क्लीनर फिरवून दांड्यातलं पाणी काढावं. आणि थोडासा धूर नाकावाटे सोडावा, कारण चवीचा निम्मा भाग नाकालाच कळतो. तिथे आधी झिणझिण्या येतात, पण सवयीने जमतं.

असं करायला लागल्यावर तीच डबी मला वेगळी लागली. सुरुवातीला गवत आणि लिंबाची साल. वाटी तिसऱ्या हिश्श्यावर आली की पावाच्या कडेचा खरपूसपणा. आणि मग, ज्यासाठी हा खटाटोप, ती गोडी. ती साखरेसारखी जिभेवर बसत नाही. धूर सोडून झाल्यावर, श्वास घेताना मागाहून येते. ओढायची घाई झाली की लगेच जाते, थांबलं की परत येते. मिश्र तंबाखूत लटाकियाचा धूरकट वास किंवा पेरिकचा झणका बाकीचं झाकून घेतो. इथे झाकायला काही नाही, त्यामुळे पाण्याचा अंश जास्त राहिला, झुरका जोरात बसला, की त्याच क्षणी कळतं. निखळ व्हर्जिनियाच शिकायला उत्तम असं मी म्हणतो ते यासाठी, लोक कितीही उलट सांगोत.

उजळ पान हाताशी आल्यावर लाल व्हर्जिनियाकडे वळलो. झाडाची पानं खालून वर अशी, पिकतील तशी खुडतात. लाल पान वरच्या अंगाचं, जास्त पिकलेलं. त्याची गोडी गडद असते, मनुका आणि ताजा पाव, आणि त्याखाली हलकी आंबटसर कड. जीभ कमी भाजते. मॅकक्लेलंड या कॅन्सस सिटीच्या कंपनीचे लाल व्हर्जिनिया या बाबतीत गाजलेले. डबी उघडली की थेट व्हिनेगरचा भपका यायचा. 2018 साली ती बंद पडली. दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांच्या ख्रिसमस चिअर नावाच्या तंबाखूची एक वाटी मला भरून दिली. वर्षानुवर्षं मुरलेला तो तंबाखू इतका गोल, इतका मऊ लागला की मी दोन तास कुणाशी बोललो नाही.

मुरण्याचं महत्त्व मला त्या वाटीने पटवलं. साखर भरपूर असल्यामुळे बंद डबीत व्हर्जिनिया सावकाश बदलत राहतो, तिखटपणा उतरतो, रंग काळवंडतो. मी तेव्हापासून प्रत्येक डबीमागे थोडा तंबाखू हवाबंद काचेच्या बरणीत घालून वर महिना-साल लिहून ठेवतो.

तिसरा प्रकार स्टोव्ह्ड, म्हणजे तयार पानाला पुन्हा उष्णता देऊन काळपट केलेला. यात माझं सगळ्यात आवडतं नाव सॅम्युअल गॉविथचं फुल व्हर्जिनिया फ्लेक. इंग्लंडच्या केंडल गावातल्या या धंद्याचं मूळ 1792 पर्यंत जातं. काप जाड, गडद, तेलकट, आणि एवढे ओले की तासाभराने काही होत नाही, मी रात्रभर उघडे ठेवतो. चव अंजिराची, तळाशी किंचित मसाला. निकोटीन मात्र चांगलंच जाणवतं. पोटभर जेवल्याशिवाय मी हा पेटवत नाही आणि नवीन माणसाने तर नक्कीच पेटवू नये, भोवळ येते.

कुणी क्रम विचारला तर मी सांगतो : आधी मॅक बॅरेनचा एचएच प्युअर व्हर्जिनियासारखा, तपकिरीकडे झुकणारा सौम्य फ्लेक घ्या, मग लाल, मग स्टोव्ह्ड, आणि लिंबाच्या रंगाचा उजळ सगळ्यात शेवटी. मला तो आधी मिळाला हा योगायोग, पण सगळ्यात जास्त धीर त्यालाच लागतो. एक डबी संपेपर्यंत दुसरी फोडू नये, नाहीतर कुठलीच चव ओळखीची होत नाही. दुकानाचे मालक आता पेरिक घातलेला व्हर्जिनिया पुढे करतात. ती डबी मी आणून ठेवली आहे, पण लाल व्हर्जिनियाच्या दोन बरण्या अजून चालू आहेत, त्या संपल्यावर बघू.