क्लच गेला, पण कशाने?

सिंहगडाच्या घाटात रविवारी सकाळी गाड्यांची रांग खोळंबली की थोड्याच वेळात क्लच जळाल्याचा करपट वास पसरतो. चढावर हँडब्रेक न ओढता नुसत्या हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरली, तर क्लच प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) एकमेकांवर घासत राहतात आणि सपाट रस्त्यावर कित्येक महिन्यांत होणार नाही एवढी झीज काही मिनिटांत होते. त्यामुळे क्लच अकाली गेला की ठपका चालकाच्या डाव्या पायावर येतो, आणि बहुतेक वेळा तो रास्तही असतो. माझा आक्षेप एवढाच आहे, की गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधीच हा निकाल देऊ नये.

आमच्या डिझेल गाडीचा क्लच तीस हजार किलोमीटर पुरे होण्याआधीच घसरू लागला. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज आणि फेरे वाढत, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहत असे. गाडीचे बहुतेक चालणे महामार्गावरचे, म्हणजे एकदा पाचवा गिअर पडला की तासभर क्लचला पाय लावावा लागत नाही अशा प्रकारचे. शहरात सिग्नलगणिक क्लच दाबणाऱ्या गाड्यांचा क्लच सहसा याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक टिकतो, म्हणून मला हे कोडे पडले.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील सल्लागाराने गाडी जेमतेम चौकापर्यंत चालवून पाहिली आणि सांगितले, “सर, हे ड्रायव्हिंग हॅबिटमुळे आहे. क्लच झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही.” सोबत हातात ठेवलेले एस्टिमेट साठ हजारांच्या घरात होते. त्यातील सर्वांत जड रक्कम फ्लायव्हीलची होती. साध्या फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर घासून पुन्हा वापरता येतो; परंतु अनेक डिझेल गाड्यांत इंजिनाचे हिसके शोषण्यासाठी दोन भागांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील बसवलेले असते, आणि ते बिघडले तर सहसा नवेच घ्यावे लागते. क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्र बदलण्याचा आग्रह मात्र योग्य होता, कारण कोणताही एक भाग बदलायचा म्हटले तरी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तेवढीच लागते.

आमच्या भागातील एका जुन्या मिस्त्रींना मी हे एस्टिमेट दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, प्लेट स्वतः सांगते ती कशानं गेली. उघडताना तिथं उभे राहा.” काय पाहायचे हेही त्यांनी नीट समजावून दिले. प्लेटचे अस्तर दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल, तर तो वापर. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक तडे दिसले, तर ती हाफ क्लचची किंवा अति भाराची उष्णता. अस्तर पुरेसे जाड असूनही क्लच घसरत असेल, तर प्रेशर प्लेटची स्प्रिंग कमजोर झालेली असू शकते, किंवा पेडल सोडल्यावरही क्लच पूर्ण पकड घेत नसेल. केबलच्या क्लचमध्ये पेडलला मोकळी चाल उरली नाही तरी हेच होते. आणि प्लेट तेलकट असेल, तर चालकाच्या पायाचा प्रश्नच उरत नाही. तेल कोठून आले ते शोधायचे.

मी जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घेतले, की गिअरबॉक्स माझ्यासमोर उतरवावा आणि जुने भाग मला दाखवावेत. ही मागणी ऐकून सल्लागाराचा चेहरा थोडा बदलला, पण नकार मिळाला नाही. गिअरबॉक्स खाली आला तेव्हा त्याच्या आवरणाच्या तळाशी काळे तेल साचलेले होते आणि प्लेटच्या अस्तरावर तेलाचा थर चकाकत होता. रिव्हेट अजून बरेच खोल होते, म्हणजे झीज फारशी झालेलीच नव्हती. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाचे तेल अडवणारे ऑइल सील गळत होते. फ्लायव्हीलही सुस्थितीत असल्याने ते बदलण्याचे कारण राहिले नाही. मी तेथेच सगळ्याची छायाचित्रे काढली.

वॉरंटीच्या पुस्तिकेत वगळलेल्या भागांच्या यादीत क्लचचे अस्तर होते, ऑइल सील नव्हते. सीलच्या दोषामुळे प्लेट निकामी झाली असेल तर प्लेटही त्याच दाव्यात यावी, असे मी ई-मेलने कळवले. बरीच पत्रापत्री झाल्यावर सील आणि पूर्ण मजुरी वॉरंटीत धरली गेली. क्लच किटचे पैसे मात्र मी भरले. ते मला आजही पटलेले नाही, पण गाडी आणखी अडकवून ठेवणे परवडणारे नव्हते.

(एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली की क्लचची कटकट मिटली, असा समज दिसतो. त्या गाडीत क्लच असतोच, फक्त तो दाबण्याचे काम यंत्रणा करते, आणि चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर तोही तसाच जळतो.)

बाहेरच्या गॅरेजात गेल्यास वॉरंटी सरसकट रद्द होते ही भीती घालण्याची पद्धत जुनी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देण्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा या सरसकट अटीवरही बोट ठेवले होते. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. काउंटरवरची भाषा मात्र फारशी बदललेली दिसत नाही. ज्यांची पत्रापत्री निष्फळ ठरते त्यांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तेथे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तेथे उपयोगी पडतात ती जॉब कार्डवरची नोंद, छायाचित्रे आणि शक्य झाल्यास ती जुनी प्लेट, म्हणून ती भंगारात टाकण्याची परवानगी सही करताना सहजासहजी देऊ नये.