आयती कॉइल, हातची वात

वेपची, म्हणजे ई-सिगारेटची, संपलेली कॉइल (द्रव तापवून वाफ करणारा भाग) फेकून देण्याआधी एकदा पक्कड घेऊन फोडून पाहावी. बाहेरचं धातूचं नळकांडं सोललं की आत निघते जेमतेम बोटभर तार आणि कापसाचा एक काळा, चिकट गोळा. बस्स. आठवडा-दहा दिवस वेप ज्याच्या जिवावर चालला, तो ऐवज एवढाच. ज्यूस, म्हणजे वेपमध्ये भरायचा द्रव, गोड असेल तर तारेवर कढईच्या बुडाला धरतं तसं कवचही धरलेलं दिसतं. ते सुक्रलोज या गोडव्याच्या रसायनाचं. तार मात्र बहुतेक वेळा धडधाकट असते. मेलेला असतो तो कापूस.

आणि मग तो प्रश्न येतोच. एवढ्याशा तारेसाठी दर वेळी अख्खी नवी कॉइल का आणायची? रिबिल्डेबल ॲटमायझरची, म्हणजे ज्यात तार आणि कापूस आपणच बसवायचा त्या भांड्याची, हौस बहुतेकांना इथूनच लागते.

पैशाचा हिशोब वरवर एकतर्फी आहे. २६ गेजच्या (गेजचा आकडा वाढला की तार बारीक) कँथल या मिश्रधातूच्या तारेचं ३० फुटांचं रीळ म्हणजे साधारण ९ मीटर. एका कॉइलमध्ये प्रत्यक्षात ७ सेंटिमीटरच्या आसपास तार राहते, पण गुंडाळताना दोन्ही टोकं बोटांत धरावी लागतात, म्हणून १२ सेंटिमीटर कापायची. तरीही एका रिळात ७५ कॉइल निघतात. कापसाची एक पिशवी तर काही महिने संपत नाही. हिशोब इथेच मिटायला हवा, पण मिटत नाही. कारण आधी ॲटमायझर आला, मग चांगला कटर, सिरॅमिक चिमटा, रोध मोजायचा ओहममीटर, स्क्रूड्रायव्हर. त्यानंतर कँथल आहे तर निक्रोम कशी लागते ते बघू, मग स्टेनलेस स्टील, मग एका तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली क्लॅप्टन. वाचलेले पैसे रिळांत गुंततात. फक्त काटकसर म्हणून या वाटेला जाणाऱ्याने एक तार, एक कापूस आणि एकच ॲटमायझर एवढ्यावर थांबायची शपथ घ्यावी. ती पाळणारे थोडेच.

ॲटमायझरमध्ये दोन मुख्य जाती. आरडीए म्हणजे ड्रिपर: टाकी नाही, टोपी काढायची, कापसावर ज्यूसचे थेंब सोडायचे, चारपाच झुरके घ्यायचे, पुन्हा थेंब. आरटीए म्हणजे तोच बांधायचा डेक (कॉइल बसवायची बैठक), पण टाकीच्या पोटात. रोजच्या वापराला आरटीए सोयीचा, यात वाद नाही. शिकायला मात्र ड्रिपरच बरा, कारण टोपी उचलली की काय चुकलं ते समोर दिसतं. आरटीएमध्ये तीच चूक टाकी उपसल्याशिवाय दिसत नाही, आणि टाकी उपसेपर्यंत बोटं, टेबल आणि रुमाल तिघेही भिजलेले असतात.

तारेचं काम लोकांना अवघड वाटतं. खरं तर ते सोपं आहे. ३ मिलिमीटरच्या दांडीवर २६ गेज कँथलचे ६ वेढे, एकमेकांना चिकटून, ताण न सोडता. पायांची लांबी धरून रोध साधारण ०.८ ओहम येतो. तितकीच तार निक्रोम ८० ची घेतली तर ०.६ च्या जवळ, कारण तिचा रोध कमी आणि ती तापतेही चटकन. सिगारेटसारखा घट्ट, तोंडात आधी धूर धरून मग आत घेण्याचा झुरका हवा असेल तर २८ गेज, अडीच मिलिमीटरची दांडी, ६ वेढे, म्हणजे १.१ ओहमच्या आसपास. या तीन आकड्यांवर माणूस वर्षभर सुखात राहू शकतो.

कॉइल डेकवर बसवताना दोन्ही पाय आपापल्या खांबात घालायचे, स्क्रू आवळायचे, पण जोर लावून नाही. बारीक तार जास्त आवळली तर स्क्रूखालीच तुटते, आणि स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की डेकच बाद. मग जास्तीची तार खांबाला अगदी लगटून कापायची. मिलिमीटरभर टोक बाहेर राहिलं आणि टोपीला टेकलं की मॉड (खालचा बॅटरी-बटणाचा भाग) लगेच शॉर्ट दाखवतो. धन खांब डेकपासून एका छोट्या इन्सुलेटरने वेगळा ठेवलेला असतो. तो वितळला किंवा सरकला तरी हेच होतं. त्यामुळे मॉडने शॉर्ट सांगितला तर आधी टोकं पाहावीत, मग इन्सुलेटर, आणि मॉडला दोष सगळ्यात शेवटी द्यावा.

आता कापूस घालण्याआधीची पाच मिनिटं. १० ते १५ वॅटवर बटण क्षणभर दाबायचं आणि सोडायचं. कॉइल मधून लाल होत कडेकडे गेली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला तर तिथे वेढे नीट चिकटलेले नाहीत: बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने दाबायचे किंवा वेढ्यांवरून चिमटा हलकेच ओढायचा. साधा लोखंडी चिमटा लावून बटण दाबू नये, तो स्वतःच शॉर्ट करतो. कॉइल राहिली बाजूला आणि पायच आधी लाल झाले तर बहुधा स्क्रू सैल आहे. स्टेनलेस स्टीलला हा अग्निसंस्कार अगदी हलका, मंद लालीपर्यंतच. आणि निकेल किंवा टायटॅनियमच्या तारा फक्त मॉडच्या तापमान नियंत्रणावर वापरायच्या असतात. त्या लाल करायच्याच नसतात, नवशिक्याने त्या घ्यायच्याही नसतात.

सगळी गंमत, आणि सगळा मनस्तापही, यानंतर सुरू होतो. कापूस. लोक तारेवर तासन्‌तास बोलतात, पण चव आणि गळती दोन्ही ठरते ती वातीवर.

कापसाची पट्टी कॉइलमधून ओढताना कॉइल किंचित हलली पाहिजे, वाकता कामा नये. पट्टी सहज सुळकन गेली तर कमी आहे. कापूस तारेला जिथे टेकत नाही तिथे ज्यूस पोचत नाही आणि तारेभोवती साचलेला ज्यूस तडतडत ओठांवर उडतो. चिमट्याने खेचावी लागली तर जास्त आहे, आतला कापूस दाबून बसलाय, ज्यूस ओढणार नाही. मग शेपट्या, म्हणजे कॉइलबाहेर राहिलेली कापसाची टोकं. दोन्ही बाजूंच्या डेकच्या बाहेरच्या कडेशी तिरक्या कापायच्या, चिमट्याच्या टोकाने विंचरून खालचा थोडा कापूस काढून टाकायचा आणि ज्यूसच्या खाचांत त्या नुसत्या ठेवायच्या. ठेवायच्या, ठासायच्या नाहीत. या एका क्रियापदात निम्मी विद्या आहे.

असं का, ते टाकीत काय चालतं हे कळलं की उलगडतं. आरटीएमध्ये ज्यूस खाली पडत नाही, कारण वर बंद टाकीत थोडी पोकळी, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी दाब, असते आणि खाली खाचेत वात बुचासारखी बसलेली असते. झुरका घेतला की वातीतला ज्यूस कमी होतो, टाकीतून नवा ज्यूस येतो आणि त्याच खाचेतून हवेचा एखादा बुडबुडा वर टाकीत जातो. म्हणजे एकाच खाचेला दोन कामं: ज्यूस सोडायचा आणि हवा परत घ्यायची. वात फार ठासली की बुडबुडा वर जाईना, ज्यूस खाली येईना, आणि तिसऱ्याच झुरक्याला घशाला चटका. यालाच ड्राय हिट म्हणतात. ती नुसती बेचव नसते. कोरडा कापूस करपतो आणि त्या तापमानाला ज्यूस फुटून फॉर्मल्डिहाइडसारखी घातक रसायनं तयार होतात. म्हणून करपट लागल्यावर ‘अजून एक ओढून बघू’ असं करायचं नाही, टोपी उघडायची. उलट वात विरळ झाली की हवा मोकाट आत शिरते, पोकळी टिकत नाही आणि ज्यूस हवेच्या भोकांतून खिशात उतरतो. तेल गेलं, तूप गेलं, हाती ओली पँट आली.

ज्यूस दाट की पातळ यावरही वात बदलते. ७० टक्के व्हीजीचा (ग्लिसरीनचा) ज्यूस दाट असतो, त्याला शेपट्या विरळ हव्यात. निम्मा पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) असलेला पातळ ज्यूस त्याच वातीतून गळेल. एका ज्यूसवर छान चाललेली बांधणी दुसऱ्यावर रुसली की लोक ॲटमायझर बदलतात. बदलायचं असतं ते चिमूटभर कापसाचं माप.

नवी वात थेंबाथेंबाने भिजवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग टाकी भरून पाच-दहा मिनिटं नुसती ठेवून द्यायची. वरून भरायच्या टाकीचं झाकण उघडताना हवेची भोकं आधी बंद करावीत, नाहीतर झाकण निघताच पोकळी मोडते आणि ज्यूस खाली धावतो. विमानात बाहेरचा दाब कमी झाला की टाकीतली हवा फुगून ज्यूसला बाहेर ढकलते. तिथे टाकी रिकामीच बरी.

गोड ज्यूस असेल तर तीन-चार दिवसांनी वात बदलायची, साधा असेल तर आठवडाभर चालते. जुनी वात ओढून काढायची, कॉइल १५ वॅटवर थांबत थांबत लाल करून कवच जाळायचं, पूर्ण गार झाल्यावर ॲटमायझर मॉडवरून काढून पाण्याखाली धरायचा, बारीक ब्रशने घासायचा, वाळवून नवा कापूस घालायचा. सवय झाली की दहा मिनिटांचं काम. तार तीच महिनाभर पुरते, कधी जास्तही.

आता विजेचं बोलू, कारण इथे चूक झाली तर ओल्या पँटवर भागत नाही. तयार कॉइलवर कारखान्याने रोध आणि वॅट छापलेले असतात. हाताने बांधलेल्या कॉइलवर ती जबाबदारी बांधणाऱ्याची. इलेक्ट्रॉनिक सर्किट नसलेल्या मेकॅनिकल मॉडमध्ये भरलेल्या बॅटरीचे ४.२ व्होल्ट थेट कॉइलवर पडतात. ०.८ ओहमला सव्वापाच अँपिअर, ०.२ ओहमला २१. १८६५० मापाच्या ज्या सेलची सलग प्रवाह देण्याची क्षमता २० अँपिअर आहे तो इथेच हद्दीबाहेर गेला. आणि शॉर्ट झाला तर थांबवणारं कुणी नाही. म्हणून नवशिक्याने मेकॅनिकल मॉडच्या वाटेला जाऊ नये, मग तो दिसायला कितीही देखणा असो. सर्किट असलेला मॉड रोध मोजतो, शॉर्ट ओळखतो, फार कमी रोधाला नकार देतो. पण त्यातही एक गैरसमज फिरतो: रोध जास्त ठेवला की बॅटरीवर ताण कमी. या मॉडमध्ये बॅटरीवरचा ताण वॅट ठरवतात, कॉइल नाही. एका सेलवर ६० वॅट घेतले आणि सेल ३.२ व्होल्टपर्यंत उतरला असेल, तर सर्किटमधली तूट धरून २० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, कॉइल ०.३ ची असो की ०.८ ची. सेलचं प्लॅस्टिक वेष्टण फाटलं असेल तर आधी ते बदलावं, आणि सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात कधीच नको.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही, मग पहिल्याच दिवशी डोकं गरगरतं. घट्ट झुरक्याच्या छोट्या कॉइलवर १२ मिलिग्रॅमचा (मिलिलिटरमागे तेवढं निकोटीन असलेला) ज्यूस बरा वाटत असेल, तर तोच ज्यूस मोठ्या कॉइलवर ५० वॅटला ओढू नये. वाफ कितीतरी पट जास्त, म्हणजे निकोटीनही तितकंच जास्त. तिथे ३ मिलिग्रॅम पुष्कळ होतं. अर्थात ज्यूसही मग भराभर संपतो, आणि कॉइलच्या हिशोबात वाचलेलं तिथून गळतं.

मग बदलावं की नाही? ज्याला दर आठवड्याला दहा मिनिटं चिमटा घेऊन बसायला आवडेल, चुकल्यावर चिडण्याऐवजी टोपी उघडून बघावंसं वाटेल, त्याने जरूर बदलावं. चव खरंच उघडते, आणि ती आपल्या हाताने जमवलेली असते. ज्याला वेप फक्त सिगारेट सुटेपर्यंतचं शिडीचं पाऊल म्हणून हवाय, त्याने तयार कॉइलवरच राहावं. सवय सुटायला जड असतेच, तिचा छंद झाला की दुप्पट जड. आणि जो सिगारेट ओढतच नाही, त्याला यातलं काहीच नको.

मधला मार्गही आहे. वळलेल्या तयार तारा पाकिटात मिळतात, रोध वर छापलेला. त्या आणायच्या आणि फक्त कापूस आपण भरायचा. तार विकतची, वात हातची. काही टाक्यांना तयार कॉइलच्या जागी बसणारा छोटा बांधायचा डेकही मिळतो, मग नवा ॲटमायझरही नको.

कुठलीही वाट धरली तरी पहिले पंधरा दिवस जुनी टाकी ताजी कॉइल घालून, भरून, बाजूला उभी ठेवावी. पहिली वात चुकतेच, आणि ती चुकल्याचं कळतं नेमकं बाहेर पडताना, चपला घातल्यावर.