आमची वाटचाल: मिरजेतली दोन खोल्यांची लॅब

२००८ साली मिरजेत दोन खोल्या भाड्याने घेऊन फक्त मायक्रोबायोलॉजीची लॅब काढली, तेव्हा शहाण्यांनी वेड्यात काढलं. कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्यावर, कुणाचं घर चालतं? शुगर-लिपिड करा! पहिली आठ-नऊ वर्षं सांगण्यासारखी नाहीत. चाललं.

सांगायचं ते २०१७ चं. आमचं निम्मं काम एका मोठ्या आयसीयूतून यायचं. एका सोमवारी नमुने आणणारा आमचा मुलगा तिथून रिकामी पेटी घेऊन परत आला. पुण्याच्या एका साखळी लॅबने ब्लड कल्चर आमच्या निम्म्या दरात घेतलं होतं. मी मॅनेजमेंटला एवढंच विचारलं, की संध्याकाळी सातला भरलेली रक्ताची बाटली पुण्याच्या कल्चर मशीनमध्ये चढते कधी? कॅन्डिडा ही बुरशी वाढायलाच एक ते तीन दिवस घेते. बुरशी शरीरात खोलवर असूनही जवळपास निम्म्या पेशंटांत कल्चर निगेटिव्ह येतं. त्यात तुम्ही बाटली रात्रभर हायवेवर फिरवणार. उत्तर आलं, "डॉक्टर, रेट बघा."

त्या वर्षी बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. दोन टेक्निशियन सोडून गेले. आमचे टेक्निशियन काका राहिले. त्यांची निक्रोमची लूप (जंतू उचलायची तारेची कडी) त्यांच्याशिवाय कुणी हातात घ्यायची नाही. लाल होईपर्यंत तापवायची, निवेपर्यंत थांबायचं, मगच प्लेटला लावायची. आजची पोरं थांबत नाहीत, आणि मग वाढ नाही म्हणून मीडियाला, म्हणजे प्लेटमधल्या जंतूंच्या खाद्याला, दोष देतात.

आणि राहिले त्या आयसीयूचे भूलतज्ज्ञ सर. मॅनेजमेंटच्या नाकावर टिच्चून ते रक्ताच्या बाटल्यांचा एक जादा सेट आमच्याकडे पाठवायचे, कधी स्वतः स्कूटरवरून आणून द्यायचे. पैसे आम्ही मागितले नाहीत.

पँक्रियाटायटिसचा (स्वादुपिंडाला सूज) एक पेशंट होता. तिसरा आठवडा, गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन), शिरेतूनच पोषण (टीपीएन), तीन अँटिबायोटिक्स, आणि ताप हटत नव्हता. रात्री अडीचला मशीन ओरडलं. बाटलीच्या बुडाची चकती पिवळी पडलेली. काका गंजीवरच आले. ग्रॅमचा रंग देऊन स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली, तर जांभळ्या अंडाकृती पेशी, एकीच्या खांद्यावर दुसरीचा कोंब. मी सरांना उठवलं.

"यीस्ट? बुरशीच? नक्की?"

"नक्की. लाइन काढायचं बघा."

उजाडायच्या आत मायकाफंजिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं होतं. कॅन्डिडाची जात ओळखायला काकांनी जर्म ट्यूब टेस्ट लावली ती स्वतःच्याच सीरममध्ये (आमच्याकडे तेच चालायचं). ३७ अंशांवर अडीच तास ठेवली, पेशींना नळी फुटली नाही, म्हणजे अल्बिकन्स ही जात बाद. पुढे क्रोमअगारवर (रंगावरून जात दाखवणारी प्लेट) निळ्या कॉलन्या आल्या: ट्रॉपिकॅलिस जात. आपल्याकडच्या आयसीयूंत हीच जास्त सापडते. पुण्याचा रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. ट्रॉपिकॅलिसच. त्यांचं काम चुकीचं असतं असं मी कधीच म्हटलं नाही. पेशंट तोवर तापातून उठला होता, एवढंच.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. बाटलीत आठ-दहा मिली रक्त घाला. तीन मिली घालून बुरशी शोधू नका. दोन सेट, दोन वेगळ्या जागांहून. थुंकीत कॅन्डिडा दिसला म्हणून लगेच औषध सुरू करू नका. बीटा-डी-ग्लुकान ही बुरशीसाठीची रक्ततपासणी, ती निगेटिव्ह आली तर त्याला वजन आहे. पण पेशंट डायलिसिसवर असेल किंवा अल्ब्युमिन चाललं असेल, तर पॉझिटिव्हवर लगेच उडी मारू नका. रक्तात कॅन्डिडा निघाला की डोळे तपासून घ्या, आणि कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत परत परत पाठवा. थेट रक्तातून काही तासांत सांगणारी टी-टू यंत्रं अमेरिकेत २०१४ मध्ये मान्य झाली. आमच्या खोल्यांत ती यायची नाहीत. रात्री अडीचला स्लाइड बघायला माणूस मात्र येतो.

आयसीयूचं काम २०१९ मध्ये परत आलं. बायकोच्या पाटल्याही सुटल्या. त्या हॉस्पिटलचं २०१७ च्या मार्चचं बिल तेवढं अजून येणं आहे.