तुम्ही विचारलंत म्हणून: पाच लाखांची पॉलिसी असून पैसे खिशातून का गेले?

पॉलिसी पाच लाखांची, बिल अडीच लाखांच्या आत, कॅशलेस मंजूर. तरी डिस्चार्जच्या वेळी पन्नास-साठ हजार भरावे लागले, ते का? इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून आकडेमोडीसकट उत्तर.

बहुतेक वेळा कारण खोलीच्या भाड्यात सापडतं. अनेक पॉलिसींत, विशेषतः जुन्या, रोजच्या भाड्याला विम्याच्या रकमेच्या एक टक्का अशी मर्यादा असते. पाच लाखांना ५,००० रुपये. समजा, घरच्यांनी ८,००० ची खोली घेतली, चार दिवसांसाठी. वाटतं, रोजचे तीन हजार म्हणजे १२,००० आपल्याला पडतील, पडू देत. पण कंपनी ५,००० भागिले ८,००० हे प्रमाण काढते, म्हणजे साडेबासष्ट टक्के, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यांना तेच लावते. हे खर्च १,२०,००० असतील, तर मिळतात ७५,०००. इथेच ४५,००० गेले. भाड्याचे १२,००० धरून एकूण ५७,०००. बारा हजारांच्या सोयीला मोजलेली ही किंमत आहे, आणि भर्ती करताना ती क्वचितच कोणी समजावून सांगतं.

असं का? बऱ्याच खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की तीच शस्त्रक्रिया, तोच सर्जन असूनही फी वाढते. विमा कंपनी तो फरक कापते. मात्र विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२० च्या नियमांनुसार औषधं, उपभोग्य (वापरून टाकायचं) साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. जिथे खोलीनुसार बाकीचे दर बदलतच नाहीत, तिथे तर ती मुळीच लावता येत नाही. म्हणून बिलिंग काउंटरवर सरळ विचारा: ‘खोली बदलली तर डॉक्टरांची फी बदलते का?’ नाही म्हणाले, तर तसं लेखी घ्या. कपात झालीच, तर ओळीओळीचा हिशेब मागा. औषधांवर प्रमाण लावलेलं दिसलं, तर तो भाग परत मागायचा हक्क तुमचा आहे.

यापलीकडे ‘न मिळणाऱ्या’ वस्तूंची यादी असते: डायपर, नेब्युलायझर किट, सोबत राहणाऱ्याचं जेवण, मानेचा पट्टा. ही रक्कम तुलनेनं छोटी, पण आजार लांबला की वाढत जाते. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे अशा वस्तूंचं, जादा कवच घेतलं असेल, तर यातलं बरंचसं सुटतं.

दावा पूर्ण नाकारला जातो तो मात्र अनेकदा वेगळ्या कारणानं, केसपेपरवरच्या एका ओळीमुळे. भर्तीच्या गडबडीत नातेवाईक सांगतात, ‘बीपी तर खूप वर्षांपासून आहे.’ डॉक्टर ‘दहा वर्षं’ लिहितात आणि पॉलिसी असते दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे पॉलिसी घेताना आजार लपवला, असं कंपनी धरते. खोटं सांगू नका, पण अंदाजानंही सांगू नका. पहिल्या निदानाचा कागद, पहिली पर्ची जवळ ठेवा आणि तीच तारीख द्या. आधीपासूनच्या, सांगितलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत) आता जास्तीत जास्त तीन वर्षं. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली, की माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.

इंदूरकरांसाठी आणखी एक अट. मुलगा पुण्यात किंवा मुंबईत, म्हणून ऑपरेशन तिकडे, असं आपल्याकडे सर्रास होतं. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. इंदूरच्या हप्त्यावर घेतलेली पॉलिसी मुंबईत वापरली, तर ठरावीक टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो. तिकीट काढण्याआधी ग्राहक माहितीपत्रक उघडून ‘को-पे’ (हा आपला वाटा) हा शब्द शोधा.

घरात सत्तरीपुढचं कोणी असेल, तर उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड काढाच. ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात, खासगी पॉलिसी असली तरी. आधारवरचं वय नेमकं हवं. अडचण अशी की एखादं रुग्णालय योजनेत असलं, तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असं आढळतं. आजाराचं नाव सांगूनच विचारा.

सुधारणांची चर्चा होते तेव्हा सगळं बोट विमा कंपन्यांकडे जातं. तिथे काही झालंही आहे: विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानं कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत बंधनकारक केली, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. तरीही विमा नियामकाचा रुग्णालयाच्या दरांवर अधिकार नाही, आणि मध्य प्रदेशचा रुग्णालयांसाठीचा १९७३ चा कायदा नोंदणी आणि परवान्याचा, दर ठरवण्याचा नव्हे. जोवर त्याच शस्त्रक्रियेची फी खोलीनुसार बदलते, तोवर विमा कितीही सुधारला तरी रुग्णाचे पैसे जातच राहतील. माझ्या मते सुधारणेची पहिली पायरी हीच: शस्त्रक्रियेचा दर एक, खोलीचं भाडं वेगळं.

तोवर आपल्या हातात तक्रार आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत अंतिम बिल, मंजुरीपत्र, डिस्चार्ज समरी. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोन क्रमांकावरही नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे. अर्जात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या ओळीतले किती रुपये, पॉलिसीच्या कोणत्या कलमाविरुद्ध कापले, ते लिहा.