ऑइलची पातळी वाढते तेव्हा

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये नऊ फुटांचे अंतर असल्यामुळे सगळी फवारणी छोट्या ट्रॅक्टरवरच अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने जवळजवळ रोज ब्लोअर, म्हणजे फवारणीचे यंत्र, जोडावा लागतो. त्या काळात ट्रॅक्टर ओळीतून सावकाश चालत असला तरी पीटीओला (ब्लोअर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला) लागणाऱ्या फेऱ्यांवर इंजिन तासन्‌तास राबत असते, म्हणून सकाळी चावी फिरवण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहण्याची सवय मी वडिलांकडून घेतली.

दोन वर्षांपूर्वी ऐन फवारणीच्या हंगामात इंजिन ऑइलची पातळी पंधरा दिवस अजिबात उतरली नाही आणि त्याचे मला समाधान वाटत होते. एके सकाळी ती वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली दिसली. मी ऑइल ओतले नव्हते, घरात दुसऱ्या कोणीही ओतले नव्हते. डिपस्टिक नाकाजवळ नेली तेव्हा डिझेलचा वास आला आणि दोन बोटांत चोळल्यावर ऑइल पाण्यासारखे पातळ लागले. टाकीतले डिझेल पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल इंजिनच्या चेंबरमध्ये उतरत असल्याचे मिस्त्रींनी पंप खोलून दाखवले. असे पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, त्यामुळे आणखी काही दिवस तसेच चालवले असते तर पडद्याऐवजी क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचे, काम निघाले असते. पंप दुरुस्त करून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्यानंतरच मी ट्रॅक्टर पुन्हा बागेत घातला.

तेव्हापासून मी पातळी नुसती पाहत नाही, तर फवारणीच्या वहीतच औषधाच्या नोंदीशेजारी तासमीटरचा आकडा आणि पातळी लिहून ठेवतो. ऑइल कमी झाले म्हणून लगेच ओतून मोकळे होणे मला आता चुकीचे वाटते, कारण किती तासांत किती उतरले हे लिहिलेले नसेल तर गळती सुरू झाल्याचे आपल्या ध्यानातच येत नाही. तपासणीची जागाही मी ठरवून टाकली आहे. बागेच्या उतारावर डिपस्टिक खोटे सांगते, म्हणून ट्रॅक्टर बेदाणा शेडसमोरच्या सपाट कोब्यावर रात्रीच उभा करतो.

हायड्रॉलिकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि अवजार उचलणारी लिफ्ट यांचे ऑइल एकच असते, आणि लिफ्ट वर असेल तर त्यातील काही ऑइल सिलिंडरमध्ये अडकून पातळी कमी दिसते, म्हणून अवजार जमिनीवर टेकवूनच पाहावे. आम्ही फवारणीनंतर ट्रॅक्टर प्रेशरने धुतो, कारण अंगावर राहिलेली औषधे पत्रा खातात. परंतु तोच झोत ब्रीदरवर (हवा ये-जा करण्याच्या छिद्रावर) किंवा गिअर लिव्हरच्या रबरावर बसला तर पाणी आत जाते आणि ऑइलला दुधाळ चहाचा रंग येतो. असे ऑइल दिसल्यास त्यात नवीन ओतून उपयोग नाही, ते पूर्ण काढावे लागते. ब्रेकही त्याच ऑइलात बुडालेले असतील तर पुस्तकात सांगितलेल्या प्रतीशिवाय दुसरे ऑइल भरू नये, अन्यथा ब्रेक किंचाळू लागतात.

रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. आमच्याकडील बोअरच्या पाण्यात क्षार फार असल्याने मी रेडिएटरमध्ये ते कधीच घालत नाही. कूलंटसाठीही आणि बॅटरीसाठीही डिस्टिल वॉटरचाच कॅन शेडमध्ये ठेवतो.

सर्वांत जास्त विसरले जाते ते फोर व्हील ड्राइव्हच्या पुढच्या ॲक्सलचे ऑइल. त्याचा स्वतंत्र बूच असतो आणि तो चिखलाखाली झाकलेला राहतो. काड्या बांधल्यानंतर ओळीत पडलेले सुतळीचे तुकडे चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळले जाऊन सील कापतात, हे मी स्वतः कोयत्याच्या टोकाने वीतभर सुतळी उकलून काढताना पाहिले आहे. तिच्याखालची माती ऑइलने काळी आणि ओलसर झाली होती. आता बांधणी संपली की बागेतील सुतळी आधी वेचली जाते आणि त्यानंतरच ट्रॅक्टर ओळीत शिरतो.